रजेवर जाता येईल अशी रेंज: नव्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यासाठी

एमपीएससीची परीक्षा, मैदानी चाचणी, मुलाखत आणि मग अकादमीतलं दीड वर्षाचं प्रशिक्षण. एवढं सगळं पार करून तुम्ही पहिल्या रेंजवर रुजू झालात. टेबलावर काच आहे, काचेखाली आधीच्या साहेबांनी सरकवलेला नकाशा आहे. दाराबाहेर चार-पाच वनपाल आणि वीसेक वनरक्षक नव्या साहेबांचा अंदाज घेत उभे आहेत. त्यांच्यातले निम्मे तुमच्यापेक्षा वयाने मोठे आहेत, आणि जंगल तर सगळ्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

महाराष्ट्रात बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षं मिळतात, कधी त्याहून कमी. म्हणजे तुमच्या वाट्याला तीन वणव्यांचे हंगाम, तीन पावसाळे आणि नशीब असेल तर एक व्याघ्रगणना, कारण ती दर चार वर्षांनी येते. एवढ्या वेळात जंगल बदलत नाही. माणसं मात्र बदलतात, आणि तुम्ही गेल्यावरही ती तिथेच राहतात. आजचा बीट गार्ड, म्हणजे वनरक्षक, उद्याचा वनपाल आहे, परवाचा आरएफओ, म्हणजे तुमच्यासारखा वनपरिक्षेत्र अधिकारीही असू शकतो.

तुम्ही रजेवर गेलात तरी रेंज चालेल असं पुढारपण या माणसांत कसं घडवायचं, ते खाली लिहिलंय, विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पाची रेंज डोळ्यांसमोर ठेवून. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांपैकी कुठलीही धरा. सह्याद्रीत किंवा जुन्नरच्या उसात तपशील बदलतील, गाभा फारसा बदलणार नाही.

पहिले दोन महिने: पायी

रुजू झाल्यावर पहिली बैठक घेऊन भाषण करायचा मोह होईल. टाळा. त्याऐवजी रेंजमधलं प्रत्येक नियतक्षेत्र, म्हणजे बीट, त्या-त्या बीट गार्डसोबत पायी फिरा. गाडी सोडा, वनपालालाही सोबत घेऊ नका. वनपाल असला की गार्ड बोलत नाही.

हा फेरा तपासणीचा नव्हे. वही जवळ ठेवा, पण त्याच्यासमोर लिहू नका. वाटेत तीन गोष्टी बघायच्या. पहिली, रस्ता कोण ठरवतं? गार्ड पुढे चालतो की वनमजूर? दुसरी, गावात शिरल्यावर लोक कोणाशी बोलतात? तिसरी, त्याला न समजलेलं काही दिसलं, एखादी विष्ठा किंवा अनोळखी माग, तर तो “माहीत नाही साहेब” म्हणतो की काहीतरी ठोकून देतो? “माहीत नाही” म्हणणाऱ्याच्या नावापुढे रात्री घरी जाऊन एक टिंब द्या. हा माणूस शिकणार आहे.

याच फेऱ्यात संरक्षण कुटीत, म्हणजे गार्ड राहतो त्या जंगलातल्या चौकीत, एक रात्र काढा. पाणी कुठून येतं, सौर दिवा लागतो का, नेटवर्कसाठी कोणत्या टेकाडावर चढावं लागतं, मुलं शाळेसाठी कुठे ठेवली आहेत, हे तिथेच कळतं. बंद पडलेला दिवा पंधरा दिवसांत दुरुस्त झाला, तर पुढे तुम्ही जे काही बोलाल ते ऐकलं जाईल. झाला नाही, तर नेतृत्वविकासावरचं तुमचं सादरीकरण कितीही रंगीत असो, कुटीतल्या माणसाला ते अंधारातच बघायचं आहे.

एक सावधगिरीही घ्या. पहिल्या महिन्यात जो सगळ्यात नजरेत भरतो तो बहुधा सॅल्यूट छान मारणारा असतो. मी पहिल्या रेंजवर असाच एकजण हेरला आणि त्याच्यावर वर्षभर सगळी भिस्त ठेवली. तो कामाचा होता, पण माझ्या कामाचा. गावात त्याला कुणी विचारत नव्हतं. ज्याला विचारत होते तो शेजारच्या बीटवरचा गार्ड बैठकीत मागच्या खुर्चीत बसायचा. तो माझ्या लक्षात आला तेव्हा माझी बदली सहा महिन्यांवर आली होती.

कोणता निर्णय कोणाचा, ते कागदावर

सरकारी खात्यात निर्णय वर ढकलण्याची सवय हाडामासात भिनलेली असते. त्याचं कारण आळस नाही, भीती आहे. निर्णय चुकला तर नोटीस खालच्याला, बरोबर आला तर फोटो वरच्याचा. हे गार्डने वीस वर्षं बघितलेलं असतं. म्हणून “तुम्ही पुढाकार घ्या” असं नुसतं सांगून काही होत नाही.

वनपालांना बसवून एक पान तयार करा. त्यात चार रकाने हवेत. पहिल्यात गार्डने स्वतः ठरवायचं आणि नंतर कळवायचं ते. दुसऱ्यात वनपालाने ठरवायचं ते. तिसऱ्यात तुमच्यापर्यंत यायलाच हवं ते. चौथ्यात जे तुमच्याही हातात नाही ते.

गाय मारली गेली, हे पहिल्या रकान्यातलं. तिथे पोचणं, कक्ष क्रमांकासह पंचनामा, फोटो, मालकाशी बोलणं, मृत जनावर जागचं न हलवणं, त्यावर विष टाकलं जाणार नाही यावर लक्ष ठेवणं आणि गरज पडली तर कॅमेरा ट्रॅप लावणं, यातल्या कशालाही तुमच्या परवानगीची वाट बघायची नाही. पंचनामा जितका उशिरा तितका मालकाचा राग मोठा. तोच राग कधी मढ्यावरच्या विषातून तर कधी बांधावरच्या वीजप्रवाह सोडलेल्या तारेतून बाहेर येतो. नुकसानभरपाईचा कागद वेळेत हलवणारा बीट गार्ड वाघ वाचवत असतो, हे त्याला तसंच सांगा.

चौथ्या रकान्याकडे फार कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. गावात हल्ला झाला की जमावाची मागणी ठरलेली असते: “पिंजरा लावा, नाहीतर गोळी घाला.” वाघ-बिबट्यासारख्या अनुसूची एकमधल्या प्राण्याला पकडण्याची किंवा मारण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, तीही लेखी कारणांसह. ही गोष्ट गार्डला पाठ हवी. नाहीतर जमावासमोर तो घाबरून “लावतो, लावतो” म्हणतो, दुसऱ्या दिवशी पिंजरा येत नाही आणि खात्याची उरलीसुरली पतही जाते. “हे माझ्या हातात नाही, साहेबांच्याही नाही. पण आजच्या आज अहवाल जाईल, रात्री गस्त राहील आणि मी स्वतः इथेच थांबतो,” असं जो शांतपणे सांगू शकतो, त्याच्यात पुढारपण आलेलं असतं.

पान तयार झालं की तुमची परीक्षा सुरू होते. फोन येईल: “साहेब, काय करू?” उत्तर तोंडावर आलेलं असेल. गिळा, आणि विचारा: “तुम्ही काय करणार होतात?” मग गप्प बसा. पलीकडची शांतता अवघड वाटते, पण ती त्याची आहे, त्याला भरू द्या. बहुतेकदा त्याचं उत्तर बरोबर असतं किंवा तुमच्यापेक्षा बरं असतं. दोनेक महिन्यांत फोनची भाषा बदलते आणि “साहेब, असं करतोय, कळवून ठेवतो” असे फोन येऊ लागतात. वाघ तुरीच्या शेतात बसलाय आणि भोवती पाचशे माणसं आहेत, अशा वेळी मात्र हा प्रयोग करू नका. तिथे स्पष्ट आदेश द्या आणि निघा.

काम तुकड्यात देऊ नका

गार्डला आपण नेहमी कामाचा तुकडा देतो: अमुक ठिकाणी जा, तमुक मोजून आण. तुकडे जोडणारा माणूस मात्र रेंज ऑफिसात बसलेला असतो. ज्याने कधी अख्खं काम बघितलंच नाही, तो वनपाल झाल्यावर तुकडेच वाटत बसतो.

सुरुवात करायला वणव्याचा हंगाम उत्तम. आपल्याकडे तो १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. डिसेंबरातच एखाद्या तरुण गार्डला बोलावून सांगा की या परिमंडळाचा, म्हणजे एका वनपालाकडच्या सगळ्या बीटांचा, यंदाचा आराखडा तू कर. गेल्या तीन वर्षांत आग कुठे लागली ते नकाशावर मांड. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, कुठे, कधी जाळायच्या, फायर वॉचर कोण, पाला उडवायचा ब्लोअर कोणाकडे, पाणी कुठे, हे सगळं त्याने ठरवायचं. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या सूचना मोबाइलवर येतात. सूचना आल्यापासून माणूस जागेवर पोचायला किती वेळ लागतो, हे त्यानेच मोजायचं.

नकाशावर आगी मांडल्या की त्याला आपसूक दिसेल की मार्च-एप्रिलमधले बरेच ठिपके मोहाच्या झाडांभोवती आणि गावाच्या वाटांवर आहेत. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तिथून आग सुटते. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचे दिवस येतात. चांगली पालवी फुटावी म्हणून आग लावण्याची चाल काही ठिकाणी अजून आहे. आता त्यालाच विचारा, उपाय काय? पुस्तकी गार्ड म्हणेल, गुन्हे दाखल करू. ज्याच्यात काही आहे तो म्हणेल, साहेब, मोह वेचणाऱ्या बायांची बैठक घेतो, झाडाखालचा पाला आपण मजूर लावून झाडून देतो, किंवा जाळी अंथरायला देऊन बघू. बैठक त्यालाच घेऊ द्या. तुम्ही जाऊ नका. गेलात तर सगळे तुमच्याशी बोलतील आणि तो चहा सांगायला पळेल.

त्याचा आराखडा थोडा चुकीचा असेल. चूक जंगलाला किंवा माणसाला महागात पडणारी नसेल तर तशीच चालू द्या. एक जाळरेषा चुकीच्या उतारावर काढली तर एप्रिलमधला वारा त्याला जे शिकवेल ते तुमच्या लाल शाईला जमणार नाही. मात्र १५ जूननंतर त्याच्यासोबत एक तास बसा. काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या वर्षी काय बदलायचं, एवढंच बोला. हा तास चुकवू नका. खात्यात काम संपलं की फाइल बंद होते आणि शिकलेलं फाइलीतच राहतं.

थांबण्याचा अधिकार

हा भाग नीट वाचा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

२० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबाच्या गाभा क्षेत्रात, कोलारा परिक्षेत्रात, एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. व्याघ्रगणनेसाठी मांसाहारी प्राण्यांच्या खुणांची नोंद घेत ती वनमजुरांसोबत पायी चालली होती. या घटनेनंतर पायी सर्वेक्षण काही काळ थांबवलं गेलं. ती कुठे चुकली, अशी चर्चा तेव्हा बरीच झाली. माझ्या मते रेंजच्या अधिकाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या रेंजमध्ये ‘आज चालत नाही, परत फिरतो’ असं म्हणायची मुभा कोणाला आहे?

प्रामाणिकपणे बघितलं तर बहुतेक ठिकाणी ती कोणालाच नसते. ट्रान्सेक्ट, म्हणजे गणनेची ठरलेली रेषा, पूर्ण चालून व्हायला हवा, गस्तीची नोंद ठेवणाऱ्या एम-स्ट्राइप्सच्या अॅपमध्ये किलोमीटर दिसायला हवेत, आणि मासिक बैठकीत पडद्यावर बीटनिहाय तक्ता येतो. तक्त्यात खाली असणं कुणाला आवडतं?

म्हणून नियम करा, आणि तो सगळ्यांसमोर सांगा. पायी निघालेल्या गटातल्या कोणालाही, अगदी रोजंदारीवरच्या मजुरालाही, ‘परत फिरू’ म्हणता येईल. एकाने म्हटलं की सगळे फिरतील, कारण जागेवर विचारायचं नाही. नोंदीत ‘वाघाची उपस्थिती, परतलो’ एवढं लिहायचं आणि त्याखाली तुम्ही सही करायची. रेषा उद्या चालता येते. वरून विचारणा झाली तर उत्तर तुम्ही द्यायचं.

यावर नेतृत्व अवलंबून आहे ते असं: गट घेऊन पुढे जाणं तुलनेने सोपं असतं, सगळ्यांच्या देखत माघारी वळवणं कठीण. ज्या गार्डने एकदा तसं केलं आणि त्यावर त्याला टोमणा ऐकावा लागला नाही, तो पुढे वनपाल म्हणून मजुरांचं ऐकेल. तुम्ही मात्र एकदाही हसत-हसत “काय, यंदा किलोमीटर कमी दिसतायत?” असं विचारलंत, तर नियम त्याच दिवशी मेला.

पंचनामा, पीओआर आणि साक्षीदाराचा पिंजरा

वन्यजीव गुन्ह्यांतले आरोपी सुटतात ते बऱ्याचदा जंगलात नव्हे, कागदावर. जप्तीची वेळ एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरी. पंच कोण होते ते पंचांनाच माहीत नाही. नमुना सील केला, पण सीलचा ठसा नोंदवला नाही. यात गार्डची चूक कमी आणि रेंज ऑफिसची जास्त असते, कारण बऱ्याच ठिकाणी पंचनामा लिहितो लिपिक किंवा ‘हुशार’ वनपाल आणि गार्ड फक्त सही करतो. तीन-चार वर्षांनी न्यायालयात त्याला विचारतात, हे अक्षर तुमचं का? तिथे खेळ संपतो.

ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं, अशी शिस्त लावा. अक्षर वाईट असू द्या, व्याकरण चुकू द्या. प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे पीओआर, गार्डनेच फाडायचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५० खालची झडती-जप्ती कशी करायची, तपासातला जबाब पुरावा म्हणून नोंदवण्याचा अधिकार कलम ५०(८) नुसार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याला का आहे, ही भाषा त्याच्या तोंडी रुळायला हवी.

तीन महिन्यांतून एकदा खोटं कोर्ट भरवा. रेंजचा हॉल, एक जुनी मिटलेली फाइल, साक्षीदार गार्ड, आणि उलटतपासणीला तालुक्यातला एखादा वकील. बहुतेक वकील हौसेने येतात, चहा-भजी पुरते. पहिल्या वेळी हशा होतो. दुसऱ्या वेळी गार्ड फाइल घरी मागून नेतो.

मेळघाटात २०१३ च्या आसपास वाघांच्या शिकारीची मोठी प्रकरणं उघडकीस आली. त्यांच्या तपासात मोबाइलच्या नोंदींचा माग काढण्याचं काम खात्याच्याच माणसांनी शिकून घेतलं, आणि पुढे तिथल्या सायबर सेलचं नाव राज्याबाहेरही झालं. अशी हौस असणारा एखादा गार्ड तुमच्याकडेही असेल. तो सध्या बहुधा सगळ्यांचे मोबाइल दुरुस्त करून देतो. त्याला हेरा.

गावात बोलायचं कोणी

जुन्नर भागात २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूर सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. लोकांच्या दबावाखाली घेतलेला, करून दाखवल्यासारखा वाटणारा उपाय उलटला होता. पुढे २०११ पासून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वेगळी वाट धरली गेली: बिबटे हलवण्याऐवजी आजूबाजूच्या वस्त्या, पोलीस, पत्रकार, सगळ्यांशी सातत्याने बोलायचं. ही दोन उदाहरणं प्रत्येक गार्डला गोष्टीसारखी सांगता यायला हवीत. आकडे नकोत, गोष्ट हवी.

बोलण्याची सवय संकटाच्या दिवशी लागत नाही. ती आधीच्या दोनशे साध्या दिवसांत लागते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेच्या बैठका, ग्राम परिस्थितिकीय विकास समितीचा हिशोब, शाळेतला वन्यजीव सप्ताह, हे सगळं बीट गार्डकडे द्या. तुम्ही गेलात तर मागे, इतरांसोबत सतरंजीवर बसा. खुर्ची मांडली गेली तर तीवर त्याला बसवा. विचित्र वाटेल, तरी चालेल.

भाषेचाही विचार करा. मेळघाटात कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी-माडिया, झाडीपट्टीत झाडीबोली. ज्या गार्डची घरची भाषा यांपैकी एक आहे, त्याला बैठकीत ‘शुद्ध’ मराठी बोलायला लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत. असा माणूस हळूहळू गप्प होतो आणि खातं आपला सगळ्यात चांगला दुभाषी गमावतं.

सामूहिक वनहक्क मिळालेली गावं शेजारी असतील तर गार्डला तिथे शिकायला पाठवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा निर्णय कसा घेते हे बघून आलेला गार्ड ‘लोकसहभाग’ हा शब्द पुन्हा पोकळपणे वापरत नाही. खात्यात काहींना हे रुचणार नाही. न रुचू दे. पाठवा.

बफरच्या, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलं असतात, गावातलीच तरुण मुलं. वाघ दिसला की गर्दी आवरायची, रस्ते मोकळे ठेवायचे, खात्याला कळवायचं, हे त्यांचं काम. या मुलांचा सराव घेण्याची जबाबदारी एका गार्डकडे द्या. दुसऱ्याला शिकवताना माणूस स्वतः किती सरळ होतो ते तुम्हाला दिसेल. आणि जमावासमोर कधी, कुठल्याही कारणाने, गार्डला झापू नका. चूक असली तरी. त्या गावात त्याला पुढची दहा वर्षं फिरायचं आहे, तुम्हाला नाही.

महिला वनरक्षक: गेट आणि नर्सरीच्या पलीकडे

भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे रेंजमध्ये तरुण मुली आता गार्ड म्हणून येतात. आणि मग? पर्यटन गेट, रोपवाटिका, कार्यालयीन नोंदवह्या. काळजीपोटी केलेली ही सोय त्यांची वाट अडवते, कारण दहा वर्षांनी वनपालपदाचा विचार होतो तेव्हा ‘फील्डचा अनुभव नाही’ असं म्हणणारे आपणच असतो. बीट द्या. सोबत कुटीत स्वतंत्र संडास, आतून कडी लागणारं दार, अंगाला बसणारा गणवेश आणि गस्तीला भरवशाचा जोडीदार द्या. ही मेहेरबानी नव्हे, साधनसामग्री आहे.

मार्च २०२१ मध्ये मेळघाटात हरिसालच्या महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या त्रासाबद्दल लिहिलं होतं. तुमच्याच पदावरची व्यक्ती होती ती. वरून आलेला जाच आपण खाली पोचवतो की आपल्यापाशी थांबवतो, हे रोजच्या फोनवरच्या आवाजात ठरतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर फलकावर लावा, आणि फलक साहेबांच्या केबिनबाहेर नको, जिथे उभं राहून निवांत वाचता येईल अशा जागी हवा.

प्रशिक्षणाला कोण जाणार

वरून पत्र येतं: दोन नावं कळवा. आपण कळवतो ती मोकळ्या माणसांची. ज्याच्यावाचून अडत नाही तो प्रशिक्षणाला जातो आणि ज्याच्यावाचून अडतं तो कायम कामावर राहतो. हे उलटं करा. थोडे दिवस अडू द्या.

परत आलेल्याला मासिक बैठकीत एक तास द्या आणि शिकलेलं वापरायला एक काम आधीच तयार ठेवा. कॅमेरा ट्रॅपचं शिकून आला तर पुढच्या महिन्यात कॅमेरे त्याच्या ताब्यात. काम नसेल तर प्रमाणपत्र लॅमिनेट होतं आणि भिंतीवर जातं. स्वतःचंही बघा. देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत रेंज अधिकाऱ्यांसाठी वन्यजीव व्यवस्थापनाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. अर्ज करा. तुमच्या गैरहजेरीत रेंज कोण सांभाळतं, याची ती सक्तीची तालीम ठरेल.

सीआर आणि श्रेय

सीआर म्हणजे वर्षाचा गोपनीय अहवाल. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, पण सगळे सीआरच म्हणतात. ‘मेहनती व प्रामाणिक कर्मचारी’ हे वाक्य प्रत्येकाच्या सीआरमध्ये असतं, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्याऐवजी ‘यंदाच्या वणवा हंगामात परिमंडळाचा आराखडा स्वतः तयार केला, मोह वेचणाऱ्यांच्या बैठका घेतल्या’ असं लिहा. उद्या पदोन्नतीच्या टेबलावर या ओळीला वजन असतं. त्यासाठी वर्षभर वही ठेवावी लागते. मार्चअखेर काही आठवत नाही.

व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक पाहणीला आले की वाघाच्या, आगीच्या, गावाच्या गोष्टी ज्याच्या त्यानेच सांगायच्या. तो अडखळेल आणि तुम्हाला वाक्य पूर्ण करून द्यावंसं वाटेल. देऊ नका. अहवालात त्याचं नाव घाला. प्रशस्तिपत्र मिळालं तर ते सेवापुस्तकात लागलंय का, हे स्वतः लिपिकाकडे जाऊन बघा, कारण तिथेच बरीच प्रशस्तिपत्रं हरवतात.

उलट काही बिघडलं, तर खुलासा तुमच्या सहीने जाऊ द्या.

आणि हो, प्रत्येकाला पुढारी व्हायचं नसतं. उत्तम माग काढणारा, बीटवर रमलेला, वनपाल होण्याची अजिबात इच्छा नसलेला गार्ड प्रत्येक रेंजमध्ये एखादा तरी असतो. त्याच्या मागे लागू नका. नव्या मुलांना त्याच्यासोबत पाठवा, तेवढं पुरेसं आहे.

शेवटचं वर्ष: दहा दिवस रजा

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, वणव्याचा हंगाम आणि गणना टाळून, सलग दहा दिवस रजा घ्या. सहायक वनसंरक्षकांना आधी सांगा, पदभार एका वनपालाकडे रीतसर सोपवा आणि घरी जा. फोन बंद ठेवू नका, पण तुम्ही स्वतः कुणाला फोन करू नका. आलेल्या प्रत्येक फोनची एका कागदावर नोंद ठेवा: कोणाचा, कशासाठी, आणि तो यायला हवा होता का.

परत आल्यावर तो कागद वनपालांसमोर ठेवून वाचा. ज्या कारणासाठी तीन फोन आले तिथे तुम्ही अजून कुणाला काही सोपवलेलंच नाही. आधीच्या चार रकान्यांच्या पानात ती ओळ एक रकाना अलीकडे, म्हणजे खालच्या माणसाकडे, सरकवा. एखाद्या मोठ्या घटनेचा फोन आलाच नसेल आणि ती तुम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळाली असेल, तर राग येण्याआधी बघा की हाताळली कशी. चांगली हाताळली असेल तर फक्त कळवण्याबद्दल बोला.

बदलीचा आदेश आला की चार्ज यादीत हत्यारं, वाहनं, वायरलेस संच, साग-चंदनाच्या जप्तीचा माल असं सगळं असतं. माणसं नसतात. गावनिहाय दोन-दोन पानांची टिपणं वनपालांकडून लिहून घ्या: कोणत्या गावात कशावरून ताण आहे, बैठक कोण बोलावतं, कोणत्या गार्डचं तिथे ऐकलं जातं, कोणाकडे कोणतं काम अर्धवट आहे. एक प्रत नव्या अधिकाऱ्याला, एक परिमंडळात.

मग नव्या साहेबांना दोन बीटवर पायी घेऊन जा. दाखवायचं, सांगायचं काम बीट गार्डला करू द्या. तुम्ही दहा पावलं मागे राहा, पाण्याची बाटली घेऊन.